फुप्फुसाचा कर्करोग : दोन उपचार एकाच वेळी

कर्करोगाचे नाव घेताना आपल्याकडे अजूनही आवाज खाली येतो. त्यातून तो फुप्फुसाचा असला, तर मंडळी "आता काय राहिले?" असे म्हणून मोकळी होतात. वास्तविक या रोगाच्या सर्व रुग्णांना एकाच मापाने मोजणे बरोबर नाही. त्यांच्यात एक मधला वर्ग असा आहे की ज्याची गाठ शस्त्रक्रियेने काढण्याच्या पलीकडे गेलेली असते, परंतु रोग अजून छातीबाहेर पसरलेला नसतो. या मधल्या वर्गासाठी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत किरणे आणि औषधे असे दोन उपचार जोडून देण्याची रीत बसली आहे. त्या रीतीमुळे काही माणसे बरी होतात. थोडी होतात, पण होतात. ती रीत काय आहे, ती का लागू पडते आणि जुन्नर-आंबेगावच्या माणसाला ती पुरी करणे कशामुळे अवघड जाते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मी डॉक्टर नाही. माझी हयात कामगार संघटनेत गेली. आजारी कामगारांच्या रजेचे अर्ज लिहिता लिहिता रुग्णालयाचे कागद वाचावे लागले, आणि कागद समजेनात म्हणून पुस्तके वाचावी लागली. तेव्हा येथे जे सांगतो आहे ते तज्ज्ञाचे बोलणे नव्हे. कोणाचा उपचार कोणता, हे त्याच्या डॉक्टरानेच ठरवावयाचे आहे.

प्रथम रोगाविषयी. फुप्फुसाला वेदना कळवणारी शिरांची जाळी आतून जवळजवळ नाही. म्हणून गाठ वाढत राहते आणि माणूस खोकत राहतो. खोकला, थुंकीत रक्त, वजन घटणे, संध्याकाळची कणकण, ही लक्षणे आपल्या ओळखीची आहेत, पण ती क्षयाची म्हणून. क्षय आपल्याकडे पुष्कळ, त्यामुळे एक्स-रेवर डाग दिसला की पहिला संशय तिकडेच जातो, आणि थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी गोळ्या सुरू होतात. यात डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. शंभर खोकणाऱ्यांत क्षयाचेच अधिक निघणार. परंतु चाळिशी ओलांडलेला, बिडी ओढणारा माणूस महिना-दीड महिना गोळ्या खाऊनही सुधारत नसेल, तर सी.टी. स्कॅन करून घेण्याची आणि दुर्बिणीने किंवा सुईने गाठीचा तुकडा काढून तपासण्याची मागणी घरच्यांनी स्वतः होऊन केली पाहिजे. आपल्याकडचे बहुतेक रुग्ण रोग सर्वत्र पसरल्यावरच मोठ्या रुग्णालयात पोचतात. जो मधला वर्ग मी वर म्हटला, त्याच्यातून माणूस शेवटच्या वर्गात घसरतो तो पुष्कळदा याच महिन्यांत.

बिडीविषयी एक गैरसमज येथेच काढून टाकतो. बिडी म्हणजे पानात गुंडाळलेली देशी तंबाखू, ती सिगारेटपेक्षा सौम्य, असे अनेकांना वाटते. मुंबईतील रुग्णांचा अभ्यास करून डॉ. जस्सावाला आणि त्यांचे सहकारी जैन यांनी १९७९ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात बिडी ओढणाऱ्यांना असलेला धोका सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षाही अधिक आढळला. याखेरीज चुलीचा धूर, ॲस्बेस्टॉसची धूळ, दगडाची बारीक धूळ आणि डिझेलचा धूर हीदेखील कारणे आहेत. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली निःसंशय ठरवले. ज्यांनी जन्मात बिडीला हात लावला नाही अशा स्त्रियांनाही हा रोग होतो, तेव्हा रुग्णाच्या चारित्र्याची चौकशी करण्यात वेळ दवडू नये.

तुकडा तपासल्यावर दोन गोष्टी ठरतात. एक, पेशींचा प्रकार. लहान पेशींचा कर्करोग थोड्यांना होतो, पण तो झपाट्याने पसरतो. दुसरा मोठा गट बाकीच्या सर्व प्रकारांचा. दोन, रोगाची अवस्था. पहिल्या दोन अवस्थांत शस्त्रक्रिया शक्य असते. चौथीत रोग यकृत, हाडे, मेंदू असा दूर गेलेला असतो, आणि तेथे उपचाराची दिशाच निराळी. तिसरी अवस्था, म्हणजे छातीच्या मधल्या ग्रंथींपर्यंत पोचलेला रोग, ही आपल्या विषयाची जागा होय. लहान पेशींचा रोग छातीच्या एका बाजूपुरता असताना सापडला, तर तोही येथेच बसतो.

आता किरणांकडे वळू. आपल्याकडे याला कोणी 'शेक' म्हणतात, कोणी 'लाईट' म्हणतात. वास्तविक त्यात उष्णता जाणवत नाही आणि उजेडही दिसत नाही. एक्स-रेच्याच जातीची, पण कितीतरी जोरकस किरणे बाहेरून गाठीवर नेमकी सोडतात. ती पेशीच्या केंद्रातील, ज्याला डी.एन.ए. म्हणतात, तो धागा तोडतात. धागा तुटलेली पेशी पुढे विभागू शकत नाही आणि मरते. निरोगी पेशीही तुटतात. परंतु त्यांना मधे वेळ मिळाला तर त्या स्वतःची डागडुजी कर्करोगाच्या पेशीपेक्षा चांगली करतात. म्हणून सगळी मात्रा एकदम न देता रोज थोडी थोडी द्यावयाची. या मात्रेचे माप 'ग्रे' हे आहे. फुप्फुसासाठी सर्वसाधारण हिशेब असा : रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, म्हणजे ३० बैठका आणि ६० ग्रे.

नारायणगावच्या बाजूचे लोक मला विचारतात की खोडदच्या दुर्बिणीची लहर आणि ही किरणे एकच का? खोडद प्रकल्पाच्या तीस मोठ्या तबकड्या आकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण रेडिओलहरी टिपतात. त्या काही सोडत नाहीत आणि त्या लहरी कोणाची पेशी तोडू शकत नाहीत. रेडिओलहर आणि एक्स-रे ही एकाच घराण्यातली खरी, पण ताकदीत मुंगी आणि हत्ती. आणखी एक. बाहेरून दिलेली किरणे यंत्र बंद होताच संपतात. रुग्णाच्या अंगात काही साठून राहत नाही. बैठक घेऊन आलेल्या आजोबांनी नातवाला मांडीवर घेण्यास कसलीही हरकत नाही. हे सांगावे लागते, कारण घरात वेगळे ताट मांडलेले मी पाहिले आहे.

किरणांची मर्यादा अशी की जेथे सोडली तेथेच ती काम करतात. रक्तातून निसटून दुसरीकडे गेलेल्या चार पेशींना त्यांचा पत्ता लागत नाही. औषध मात्र रक्तातून सर्व शरीरभर जाते. या औषधांच्या जन्मकथा मोठ्या मनोरंजक आहेत. सिस्प्लॅटिन हे मुख्य औषध एका अपघाती शोधातून आले. अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ जंतूंच्या द्रवातून प्लॅटिनमच्या पट्ट्यांनी वीज सोडून पाहत होते. जंतू विभागेनासे झाले आणि दोऱ्यासारखे लांबच लांब वाढले. हा पराक्रम विजेचा नसून पट्ट्यांतून सुटलेल्या प्लॅटिनमच्या संयुगाचा आहे, हे त्यांनी ओळखले आणि १९६५ साली प्रसिद्ध केले. दुसरे एक औषध, व्हिनब्लास्टिन, आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून निघते. सह्याद्रीच्या जंगलात नरक्या नावाचे झाड आहे. त्यातील द्रव्यापासून बनवलेले औषध लहान पेशींचा रोग उलटल्यावर देतात. (यावरून कोणी सदाफुलीचा काढा करून पिऊ नये. ती पाने विषारी आहेत, आणि औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजावी लागते.)

दोन्ही उपचार पूर्वीपासून होते. प्रश्न होता तो ते जोडावे कसे याचा. येथे इतिहास थोडा सावकाश सांगतो, कारण त्यात एक एक पायरी माणसांच्या जिवावर मोजून चढलेली आहे.

अमेरिकेत डिलमन यांच्या गटाने १९९० साली पहिला ठोस पुरावा दिला. काही रुग्णांना नुसती किरणे दिली, काहींना आधी सिस्प्लॅटिन व सदाफुलीचे ते व्हिनब्लास्टिन देऊन मग किरणे दिली. नुसत्या किरणांवर निम्मे रुग्ण ९.७ महिन्यांपर्यंत जगले. आधी औषध घेतलेल्यांत हाच काळ १३.८ महिने झाला. म्हणजे एकामागून एक दिले तरी फायदा आहे. मग युरोपात १९९२ साली शाके-कोनिंग यांच्या पाहणीत रोज किरणांच्या आधी सिस्प्लॅटिनची लहान मात्रा दिली गेली. तीन वर्षांनी नुसत्या किरणांवरचे शंभरात २ जण हयात होते, औषधाची रोज जोड मिळालेले १६. आणि यातली विचार करण्यासारखी गोष्ट ही की दूर पसरलेल्या रोगावर त्या लहान मात्रेचा परिणाम दिसला नाही. फायदा झाला तो छातीतली मूळ गाठ आवरण्यात. म्हणजे औषध तेथे स्वतंत्रपणे लढत नव्हते, किरणांना धार लावत होते. सिस्प्लॅटिन डी.एन.ए.च्या धाग्यांना गाठी मारते. किरणांनी धागा तुटला की पेशी तो सांधू पाहते. त्या गाठींमुळे तिला तो सांधता येत नाही.

पुढचा प्रश्न साहजिक होता : आधी औषध व मग किरणे, की दोन्ही एकाच वेळी? जपानात फुरुसे यांच्या गटाने १९९९ साली एकाच वेळी दिलेल्या उपचाराला कौल दिला. २०१० साली सहा पाहण्यांतील १,२०५ रुग्णांचा एकत्र हिशेब मांडला गेला. पाच वर्षांनी, एकामागून एक उपचार घेतलेले शंभरात सुमारे ११ हयात होते, एकाच वेळी घेतलेले सुमारे १५. चार माणसांचा फरक! कोणी म्हणेल, एवढ्यासाठी हा खटाटोप? मी म्हणेन, शंभर कामगारांच्या खात्यातली चार माणसे घरी गेली तर आपण दारावर सभा घेतो.

या चार माणसांची किंमतही त्याच हिशेबात लिहिलेली आहे. एकामागून एक उपचारात अन्ननलिकेचा तीव्र दाह शंभरात ४ जणांना झाला. एकाच वेळी दिल्यावर १८ जणांना. अन्ननलिका फुप्फुसांच्या मधून जाते, त्यामुळे किरणांची झळ तिला लागतेच, आणि औषधाने किरणांची धार वाढली तशी तिच्यावरचीही वाढली. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास घास उतरेनासा होतो. तेव्हा ठेचा आणि कोरडी भाकरी बाजूला ठेवून पेज, दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ भात, अंडे, खीर असे देत राहावे. वजन टिकवणे हा उपचाराचाच भाग आहे. औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. अशा वेळी ताप १००.४ अंशांवर गेला तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला जड, म्हणून सलाईन भरपूर लावतात.

तेव्हा ज्याला हे झेपणार नाही, म्हणजे अतिशय वजन घटलेला, धाप लागणारा, मूत्रपिंड अधू असलेला रुग्ण, त्याला डॉक्टर एकामागून एक उपचार देतात, किंवा सौम्य जोडी निवडतात. त्यात हयगय झाली असे नातेवाइकांनी समजू नये. तसेच अधिक किरणे म्हणजे अधिक गुण, हेही खरे नाही. ६० ग्रेऐवजी ७४ ग्रे देऊन पाहण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. २०१५ साली त्याचा निकाल आला, तेव्हा अधिक मात्रा घेतलेले रुग्ण उलट कमी जगले होते.

हे सगळे परदेशातले झाले. आपल्या माणसांचे काय? अपुऱ्या खाण्यावर, कष्टावर झिजलेल्या शरीराला दोन उपचार एकदम सोसतील काय, ही शंका योग्यच आहे, आणि तिचे उत्तर मुंबईत शोधले गेले आहे. मात्र ते फुप्फुसाच्या नव्हे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. "टाटाला नेले" हा वाक्प्रचार आपल्या खेड्यांत रूढ आहे, तो त्याचाच. तेथे गर्भाशयमुखाच्या तिसऱ्या अवस्थेतील ८५० स्त्रियांवर पाहणी झाली. निम्म्यांना किरणे, निम्म्यांना किरणांबरोबर दर आठवड्याला सिस्प्लॅटिन. २०१८ साली निकाल प्रसिद्ध झाला : पाच वर्षांनी नुसत्या किरणांवरच्या शंभरात ४६ हयात, जोडउपचारावरच्या ५४. या आपल्याच देशातल्या, पुष्कळशा गरीब घरांतल्या बायका होत्या. अवयव निराळा असला तरी तत्त्व तेच, आणि ते आपल्या शरीरांवर लागू पडते एवढे यावरून दिसते.

आता मी ज्या मुद्द्यासाठी हा विषय निवडला, त्याकडे येतो. तो म्हणजे त्या तीस बैठका.

शेतात हराळी माजली की आपण काय करतो? एकदा पाळी घालून सोडून दिली तर हराळी आठ दिवसांत पहिल्यापेक्षा जोमाने फुटते. कर्करोगाच्या पेशींचेही तसेच आहे. किरणांचे पहिले तीन-चार आठवडे झाले की ज्या पेशी वाचलेल्या असतात त्या अधिक वेगाने विभागू लागतात. शनिवार-रविवारची सुट्टी उपचाराच्या हिशेबात आधीच धरलेली असते. माणसाने केलेला खाडा धरलेला नसतो. ज्यांचे किरणोपचार लांबले त्यांना एकंदरीत गुण कमी आला, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे.

आणि खाडा होतो तो नेमका चौथ्या आठवड्यात. आंबेगाव तालुक्यातला, मुंबईच्या बाजारात ओझी वाहणारा एक हमाल माझ्या परिचयाचा होता. अठराव्या बैठकीपर्यंत त्याचा खोकला थांबला, रक्त थांबले. इकडे चैत्र आला आणि गावची यात्रा आली. बरे वाटतेच आहे, म्हणून तो निघून आला आणि पाच दिवस राहिला. देवाला नवस फेडायचा होता हे खरे. पण खरे कारण त्याने मला नंतर सांगितले. हातातले पैसे संपले होते, आणि उसनवारीची माणसे सगळी यात्रेत एका जागी भेटणार होती. डॉक्टर रागावले. मग त्यांनी शनिवारी यंत्र लावून आणि काही दिवशी सहा तासांच्या अंतराने दोनदा बैठक देऊन ती तूट शक्य तेवढी भरून काढली. अशी सोय प्रत्येक ठिकाणी होईलच असे नाही.

तेव्हा प्रश्न अज्ञानाचा कमी आणि हिशेबाचा अधिक आहे. जुन्नरहून पुणे नव्वद-पंचाण्णव किलोमीटर, मंचरहून साठेक. घोडेगावच्या पश्चिमेला डोंगरात राहणाऱ्या आदिवासी कुटुंबाला त्याहून लांब. घास न उतरणाऱ्या माणसाने हा प्रवास रोज जाऊन-येऊन तीस वेळा करणे अशक्य. म्हणजे सहा-सात आठवडे शहरात मुक्काम, सोबत एक माणूस, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालणाऱ्या योजनेत किरणे आणि औषधे दोन्ही बसतात; २०२४ पासून तिची मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपये केली आहे. योजना चांगली आहे. पण तो पैसा रुग्णालयाला मिळतो. चूल पेटवायला त्यातला एक रुपया येत नाही.

कारखान्यातल्या कामगाराची स्थिती थोडी बरी. १९४८ च्या कायद्याने आलेल्या राज्य कामगार विमा योजनेत, ज्याला आपण ई.एस.आय. म्हणतो, कर्करोगासारख्या दीर्घ आजाराला वाढीव आजारभत्ता आहे : मजुरीच्या ८० टक्के दराने, दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी दोन वर्षांची नोकरी आणि ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. चाकणच्या पट्ट्यात आपली शेकडो मुले कामाला जातात. त्यांच्यापैकी किती जणांना हा भत्ता ठाऊक आहे? साधा आजारभत्ता संपला की हक्क संपला असे समजून लोक राजीनामा देतात, आणि राजीनाम्याबरोबर हा हक्कही जातो. उपचार चालू असताना कोणत्याही कोऱ्या कागदावर सही करू नये. ठेकेदाराकडच्या मुलाने आपली वर्गणी खरोखर भरली जाते की नाही, हे धडधाकट असतानाच पाहून ठेवावे.

शेतमजूर, टोमॅटोच्या बाजारात क्रेट उचलणारा, ऊसतोडणीवरचा, यांना भत्त्याची सोय नाही. मुक्कामाची सोय मात्र काही प्रमाणात आहे. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आणि सोबतच्या माणसाला ठेवून घेते. परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. जागा मिळण्यासाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी मागावी, आणि ती पहिल्याच भेटीत मागावी. एस.टी.त कर्करुग्णाला सवलत आहे. रेल्वेतही आहे, फक्त रेल्वे जुन्नरला नाही. याशिवाय मुंबईत आपल्या गावकीच्या खोल्या आहेत. माझी एक सूचना आहे. सोबतीला एकाच माणसाने सहा आठवडे बसण्याऐवजी भावकीने आठवड्याची पाळी लावावी, आणि जो पाळीवर जाईल त्याच्या रानातले काम इतरांनी करावे. हे बोलायला सोपे, पण पहिल्या बैठकीच्या आधी कागदावर लिहून घेतले तरच होते. खोलीत गर्दी मात्र नको. कमी झालेल्या पांढऱ्या पेशींना दुसऱ्याची सर्दीही भारी पडते. आणि त्या खोलीत बिडी तर नकोच. उपचार चालू असताना ओढत राहणाऱ्याला गुण कमी येतो.

तीस बैठका पुऱ्या झाल्यानंतर काय, यात अलीकडे भर पडली आहे. शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशींवरचा लगाम सोडवणारे ड्युर्व्हालुमॅब नावाचे औषध जोडउपचारानंतर वर्षभर देतात. त्याची मोठी पाहणी २०१७ साली पुढे आली. पाच वर्षांनी शंभरात सुमारे ४३ रुग्ण हयात होते, औषध न मिळालेले ३३. हे आकडे आधीच्या अकरा-पंधरांपेक्षा पुष्कळ मोठे दिसतात; पण जोडउपचाराने ज्यांचा रोग आवरला होता तेवढेच रुग्ण या पाहणीत घेतले होते, हे विसरू नये. गाठीत ई.जी.एफ.आर. नावाचा विशिष्ट बदल असेल तर तेथे रोजच्या गोळीचा उपयोग होतो, असे २०२४ साली दिसून आले. म्हणून तुकड्याची ती तपासणी झाली का, हे विचारावे. ड्युर्व्हालुमॅबचा वर्षाचा खर्च लाखांत जातो आणि कामगाराच्या हिशेबात तो बसत नाही. पण ते परवडत नाही म्हणून आधीचा जोडउपचारच सोडणे, असा प्रकार घडतो, तो मात्र अगदी उलटा न्याय झाला. पाया जोडउपचाराचाच आहे.

एक शेवटची गोष्ट. उपचार संपून महिना ते सहा महिन्यांच्या आत काही रुग्णांना पुन्हा कोरडा खोकला, बारीक ताप आणि धाप सुरू होते. घरचे समजतात रोग उलटला. गावातला डॉक्टर समजतो क्षय झाला. पुष्कळदा तो किरणांमुळे आलेला फुप्फुसाचा दाह असतो, आणि वेळेवर योग्य औषध दिले तर तो निवळतो. अशा वेळी नव्याने गोळ्या सुरू करण्याआधी जेथे किरणे घेतली तेथे दाखवावे, आणि जाताना जुनी फाईल, सी.टी.ची चित्रे आणि किरणांच्या मात्रेचा कागद सोबत न्यावा. तो कागद बहुतेक रुग्णांच्या घरी सापडत नाही. बैठका संपतात त्या दिवशीच तो मागून घ्यावा.